इरावतीबाईंच्या कवट्या आणि डीएनएतले पाठभेद

माझी एक भाची मुळशी तालुक्यातल्या माणला राहते. हिंजवडीला लागून असलेले हे गाव. एका बाजूला अजून भातखाचरे, दुसऱ्या बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि डोक्यावरून शिवाजीनगरकडे गेलेली मेट्रोची मार्गिका. तिच्या ऑफिसातल्या चार-पाच जणांनी मिळून डीएनए चाचणीचे संच मागवले. प्लॅस्टिकच्या नळीत लाळ जमवायची, झाकण लावायचे, कुरिअरने पाठवायचे. काही आठवड्यांनी मोबाइलवर रंगीत नकाशा आला: इतके टक्के अमुक प्रदेश, इतके टक्के तमुक. तिने तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस नुसता गोंधळ उडाला. आपण मूळचे कोकणातले, असे ठामपणे सांगणारे एक काका त्या नकाशात कोकण शोधत बसले. दुसऱ्या काकांना मध्य आशियाची दोन टक्के फारच आवडली. तिच्या आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. मुलीच्या लग्नाच्या दृष्टीने यात काळजी करण्यासारखे काही आहे का?

नकाशातले ते रंग ज्यातून निघतात ती गोष्ट फार छोटी असते. माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक पोथी आहे. अक्षरे चारच, ए, टी, जी आणि सी, पण त्यांचा क्रम प्रचंड लांब. कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या शेजारी ठेवल्या तर हजार अक्षरांमागे साधारण एक अक्षर वेगळे निघते, बाकी मजकूर तोच. शास्त्रज्ञांनी प्रमाण मानलेल्या प्रतीशी तुमची-माझी प्रत ताडून पाहिली, तर फरकाच्या जागा ४० ते ५० लाख भरतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एकाच अक्षराच्या जागी दुसरे अक्षर आलेले असते. अशा एकाक्षरी फरकाला इंग्रजी आद्याक्षरांवरून स्निप म्हणतात. मराठीत त्याला एक जुना आणि चपखल शब्द आहे: पाठभेद.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. देशभरातून हजाराहून अधिक हस्तलिखिते जमवून पंडितांनी ती ओळीने ताडली. या लेखनिकाने अमुक शब्द असा उतरवला, त्याने तसा. एका लेखनिकाची चूक त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या पुढच्या सगळ्या प्रतींत जाते. त्यामुळे दोन पोथ्यांत एकच वेगळी चूक सापडली, की त्या एका घराण्यातल्या ठरतात. काश्मिरी प्रती एकीकडे, दाक्षिणात्य दुसरीकडे. डीएनएच्या प्रयोगशाळेत आज नेमके हेच चालते. पोथीऐवजी पेशी असते आणि लेखनिकाच्या जागी आईबाप.

या दोन्ही गोष्टी ज्यांना सारख्याच जवळच्या वाटल्या असत्या, अशी एक व्यक्ती पुण्यात होऊन गेली. इरावती कर्वे. मराठी वाचकाला त्यांचे नाव ‘युगान्त’मुळे माहीत आहे, आणि ‘युगान्त’ भांडारकरच्या याच चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने लिहिलेले आहे. त्यांचा मूळ व्यवसाय मात्र माणसे मोजण्याचा होता. कवट्या, नाके, उंच्या, आणि त्यावरून कोण कोणाचे कोण, हा शोध. डीएनए वाचण्याची सोय होण्याआधी तोच प्रश्न विचारणारी ही बाई, आणि तिच्या आयुष्यात त्या प्रश्नाचे उजळ व काळे दोन्ही चेहरे येऊन गेले.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावी त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. त्या देशाची मोठी नदी इरावती, तिचेच नाव मुलीला ठेवले. सातव्या वर्षी मुलीला शिकायला पुण्यात हुजूरपागेत पाठवले. तिथे शकुंतला परांजपे मैत्रीण झाली आणि रँग्लर परांजप्यांचे घर हेच दुसरे घर झाले. पुस्तके, वादविवाद आणि देवाधर्माविषयी मोकळेपणाने बोलणारी माणसे असलेल्या घरात त्या वाढल्या. १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, आणि मग मुंबईला समाजशास्त्राचे प्राध्यापक गो. स. घुर्ये यांच्याकडे एम.ए. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. घुर्ये जातींकडे पाहताना इतिहासाबरोबर शरीरमापेही पाहत असत. नाकाची रुंदी आणि डोक्याचा आकार यांचे आकडे इरावतीबाईंच्या हाती पहिल्यांदा आले ते इथे.

लग्न झाले दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. संततिनियमनाचा प्रचार करून उभ्या महाराष्ट्राचा रोष ओढवून घेणारे रघुनाथराव हे त्यांचे मोठे भाऊ. असे घर असताना सुनेच्या परदेशी शिक्षणाला अडचण यायला नको होती. पण स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांचा इरावतीबाईंनी जर्मनीला जाण्याला विरोध होता. दिनकरराव ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ मध्ये त्या बर्लिनला पोहोचल्या.

त्या जिथे गेल्या ती संस्था जेमतेम वर्षभरापूर्वी, १९२७ मध्ये, उघडली होती. बर्लिनच्या डालेम भागात, इनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर. नाव कैसर विल्हेल्म संस्था. विषय मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र. प्रमुख होते ऑयगेन फिशर. नैऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव कमावले होते, आणि वंशांची सरमिसळ वाईट हे त्यांचे ठाम मत होते. संस्थेत कवट्यांचा मोठा साठा होता. त्यांतल्या अनेक कवट्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या. त्या कुणाच्या, कशा मिळवल्या, हे विचारण्याची त्या काळी पद्धत नव्हती.

फिशर यांनी या हिंदुस्थानी विद्यार्थिनीला विषय दिला कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची कल्पना अशी, की युरोपीय लोकांत उजवीकडचा पुढचा भाग जास्त वाढलेला असावा, त्याचा संबंध बुद्धीशी असावा आणि इतर वंशांत ही असमानता कमी असावी. ते मोजून दाखवायचे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या घेतल्या. डावी बाजू, उजवी बाजू, कपाळ, मागचा भाग, सगळे पुन:पुन्हा मोजले. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या माणसाच्या हाताखाली.

आकडे फिशर यांच्या बाजूने आले नाहीत. कवट्या वाकड्या होत्या हे खरे. पण युरोपीय काय आणि बिगर-युरोपीय काय, सगळ्याच वाकड्या होत्या, आणि त्या वाकडेपणाचा वंशाशी संबंध लागत नव्हता. इरावतीबाईंनी तसेच लिहून दिले. पदवी मिळाली, पण अगदी खालच्या श्रेणीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९३० मध्ये त्या पुण्याला परतल्या. तीन वर्षांत जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. ऱ्हाइनलंड भागातल्या मिश्र वंशाच्या मुलांची सक्तीने नसबंदी झाली, त्यात त्या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तज्ज्ञ म्हणून काम केले. पुढे फिशर यांच्या जागी आलेल्या फेरशुअर यांच्या काळात आउश्विट्झच्या छळछावणीतून डॉ. मेंगेले मानवी अवयवांचे नमुने याच पत्त्यावर पाठवत असे.

तेव्हा १४९ कवट्यांची ती तक्ते भरलेली थीसिस साधी वाटली तरी साधी नव्हती. एका तरुण मुलीने आकडे जसे आले तसे ठेवले, एवढेच तिने केले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या ग्रंथसंपदेत हे काम सर्वांत कमी वाचले गेलेले आणि सर्वांत महत्त्वाचे आहे.

त्या कवट्यांतून जे अंधुक दिसत होते ते नीट आकड्यांत मांडले गेले इरावतीबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. १९७२ मध्ये अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी जगभरातल्या लोकांचे रक्तगट आणि रक्तातली प्रथिने यांची माहिती एकत्र केली आणि एक हिशेब केला. माणसामाणसांतला एकूण फरक १०० धरला, तर त्यातला किती एकाच समूहातल्या दोन माणसांत असतो आणि किती वेगवेगळ्या वंशांत? उत्तर आले, सुमारे ८५ भाग एकाच समूहाच्या आत, आणि ज्यांना वंश म्हणतात त्यांच्यात जेमतेम ६. पुढे डीएनएतले लाखो पाठभेद मोजले गेले तेव्हाही चित्र फारसे बदलले नाही. म्हणजे माणच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर बसणारा आपल्याच जातीतला सहकारी आणि आपण, यांच्यातही लाखो पाठभेद असतात.

परतल्यावर काही वर्षे इरावतीबाईंनी महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले. त्यांचे मन काही फायलींत रमले नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तिथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून गेल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. विभाग म्हणजे बराच काळ त्या एकट्याच. मोजमापाची पेटी घेऊन एसटी, रेल्वे, बैलगाडी, जे मिळेल त्याने त्या गावोगाव जात. माणूस बसवायचा, हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा मोजायचा, डोक्याची लांबी-रुंदी पकडकंपासने घ्यायची, नाक मोजायचे. लोक हसत, घाबरत, काही पळून जात. या मोजमापांचा ढीग घेऊन त्यांनी संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या शरीरमापांवरचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

आज हे वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. नाकावरून माणसाची जात ओळखण्याचा हा खटाटोप कशाला? त्यांच्यावर ही टीका झाली आहे, आणि ती खोटी नाही. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचा फोलपणा दाखवला तरी वंश नावाची चौकट त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. त्यांच्या लिखाणात वंशांचे जुने वर्गीकरण येत राहते. दुसरी अडचण हत्यारांची होती. डोक्याचा आकार केवळ आनुवंशिकतेने ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ बोआस यांनी १९१२ च्या सुमारास दाखवून दिले होते, की स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांच्या डोक्यांहून वेगळ्या मापाची निघतात. अन्न, राहणीमान, लहानपणीचे आजार, सगळेच मापात मिसळते. पकडकंपास पोथीचे अक्षर वाचत नाही, तो तिचे वेष्टन मोजतो.

अक्षराच्या थोडे जवळ जाण्याची सोय तेव्हा एकच होती, रक्त. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर जोडप्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले होते. हिंदुस्थानी सैनिकांत बी गट जास्त, हे तिथे प्रथम दिसले. रक्तगट अन्नाने बदलत नाही, की पाळण्यात झोपवल्याने चपटा होत नाही. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि ल. द. संघवी यांनी १९४९ मध्ये मुंबईतल्या सहा जातिगटांत रक्तगटांसह सात आनुवंशिक गुणांची पाहणी प्रसिद्ध केली. या देशातल्या अशा कामांतले ते एक आरंभीचे. आणि १९५२ मध्ये केईएमच्या डॉ. य. मा. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रुग्ण सापडले, ज्यांचे रक्त ए, बी, ओ कुठल्याच खणात बसेना. ओ गटाचे रक्तही त्यांना चालेना. हाच तो जगभर मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा बॉम्बे रक्तगट. त्यामागे कोणते अक्षर बदलले आहे हे कळायला आणखी चार दशके लागली. मुंबईच्या त्या नमुन्यांत एका जनुकातले एक टी जाऊन तिथे जी आले होते. एका अक्षरामुळे रक्तपेढीतल्या शेकडो बाटल्यांतली एकही त्या माणसाच्या कामाची उरत नाही.

इरावतीबाईंचा खरा प्रश्न मात्र रक्ताच्याही पुढचा होता. जात तयार कशी होते? घुर्ये सरांचे म्हणणे असे, की मोठा समूह फुटत जातो आणि त्याचे तुकडे म्हणजे जाती-पोटजाती. विद्यार्थिनीचे मत उलटे झाले. त्यांनी कुंभारांचे उदाहरण घेतले. महाराष्ट्रात कुंभार ही एक जात म्हणतात, पण थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळे, रीत वेगळी, आपसात सोयरीक नाही. मग हे एका झाडाच्या फांद्या कशावरून? निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले निरनिराळे गट एकच धंदा करू लागले आणि बाहेरच्यांनी त्यांना एक नाव दिले, असे का नसावे? अशा गटांना त्या एक जात न म्हणता जातींचा पुंजका म्हणत. मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, १९६८ मध्ये, त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक पायरी एकच, तरी गट शरीराने एकसारखे नाहीत, हा निष्कर्ष.

डीएनएतले पाठभेद वाचता येऊ लागल्यावर या गुरु-शिष्यांच्या वादाला पुरावा मिळाला, आणि गंमत म्हणजे तो दोघांच्याही पूर्ण बाजूने नाही. २००९ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातले के. तंगराज आणि लालजी सिंग यांनी हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्याबरोबर २५ भारतीय गटांतल्या १३२ लोकांचे साडेपाच लाखांहून अधिक पाठभेद तपासले. मुख्य भूमीवरच्या प्रत्येक गटात, ब्राह्मण असो, दलित असो की आदिवासी, किमान दोन प्राचीन समूहांचे मिश्रण निघाले. प्रमाण कमी-जास्त, पण शुद्ध कोणीही नाही. २०१३ मध्ये त्याच मंडळींनी या मिश्रणाचा काळ काढला: साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. तेव्हा सगळे सगळ्यांत मिसळत होते. त्यानंतर दारे बंद झाली. कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्थेने २०१६ मध्ये केलेल्या मोजणीत अनेक गटांत दार बंद होण्याचा काळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपासचा आला.

म्हणजे इरावतीबाईंनी कल्पिल्याप्रमाणे मुळापासून वेगळे राहिलेले गट फारसे नाहीत. त्यांचा अंदाज तिथे चुकला. पण दार बंद झाल्यावर प्रत्येक जात आपल्यापुरती वेगळी पोथी उतरवत बसली, आणि शेजारी राहणारे, एकाच पायरीवरचे दोन गटही अक्षरांनी दूर गेले, हे त्यांनी पकडकंपासाने जे पाहिले त्याच्याशी जुळते.

या बंद दारांतून आरोग्याचा प्रश्न सुरू होतो. थोड्या पूर्वजांपासून वाढलेला गट आपसातच लग्ने करत राहिला, तर एखाद्या पूर्वजाकडची दुर्मीळ चूक त्या गटात दुर्मीळ राहत नाही. २०१७ मध्ये दक्षिण आशियातले २६० हून अधिक गट तपासले, तेव्हा ८१ गटांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्कनाझी ज्यूंपेक्षाही जास्त निघाला. हे दोन समूह तर आनुवंशिक आजारांच्या अभ्यासासाठी जगभर प्रसिद्ध. आंध्रातल्या वैश्य समाजाचे उदाहरण भूलतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध शरीरातले एक विकर काही मिनिटांत मोडून टाकते. या समाजात ते विकर निकामी करणारा पाठभेद इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक आढळतो. अशा रुग्णाला ते औषध दिले तर स्नायू, श्वासाचे स्नायूसुद्धा, तासन्‌तास हलत नाहीत. आधी माहीत असेल तर औषध बदलले की झाले.

इथे इरावतीबाईंचे दुसरे मोठे काम उपयोगी पडते. १९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ आला. कोण कोणाशी लग्न करू शकतो, याचा नकाशाच त्यांनी काढला. उत्तरेत नात्यात आणि बऱ्याचदा गावातही लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामा-भाचीचेसुद्धा लग्न मान्य. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात: मामाची मुलगी करावी, आत्याची मात्र नको, अशी अनेक जातींची रीत. त्यांनी हे नात्यांचे व्याकरण म्हणून पाहिले. आजचा समुपदेशक त्याच नकाशाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीत आणि आपल्यात पोथीचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. दोघांकडे एकच लपलेली चूक असण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि मुलाला दोन्हीकडून तीच चूक मिळाली तर आजार उघड होतो. जनुकांना रीत कळत नाही. मामाची मुलगी काय नि आत्याची काय, हिस्सा तोच.

महाराष्ट्रात याचे सर्वांत जिवंत उदाहरण सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी ए ऐवजी टी, बस्स. त्यामुळे तांबड्या पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार जंतुसंसर्ग मागे लागतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या काही समाजांत तो घरोघरी माहीत आहे. ही चूक टिकली कशी? एकच प्रत असलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, आजार होत नाही आणि तीव्र मलेरियापासून त्याला काही संरक्षण मिळते. डासांच्या जंगलात ती एक प्रत वरदान होती. आणखी एक गोष्ट या अक्षराच्या शेजारच्या पाठभेदांवरून कळली. भारतात सापडणाऱ्या सिकलसेलभोवतीचा मजकूर बहुतेक सगळीकडे एकाच वळणाचा आहे, आणि तो आफ्रिकेतल्या प्रमुख वळणांहून वेगळा, अरबस्तानच्या पूर्वेकडच्या लोकांशी जुळणारा आहे. हजारो मैल दूरच्या दोन लोकांचा धागा एका दुखण्याने जपून ठेवला.

भाचीच्या आईचा प्रश्न इथे येतो. वंशाच्या टक्केवारीच्या अहवालात तिचे उत्तर नाही. लग्नाआधी पाहायचेच असेल तर रक्ताची साधी तपासणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी करावी. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचे वाहक त्यातच कळतात, आणि ती चाचणी लाळेच्या संचापेक्षा स्वस्त पडते. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि तेव्हा डॉक्टरांशी आधीच बोललेले बरे. अहवालातले आणखी एक पान कामाचे निघू शकते, औषधांचे. हृदयात स्टेंट बसवल्यावर दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे औषध यकृतातल्या एका विकराने जागे व्हावे लागते. ते विकर बंद पाडणारा एकाक्षरी पाठभेद आपल्याकडे बराच आढळतो. अशा माणसाला गोळी घेऊनही पुरता उपयोग होत नाही. मात्र अहवाल वाचून स्वतःची गोळी स्वतः बंद करू नये.

टक्केवारीच्या नकाशाचे काय? कंपनी तुमचे पाठभेद आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडते आणि जवळचा गट सांगते. नमुन्यांत युरोपीय लोक भरपूर आणि मराठी लोक थोडे असतील, तर उत्तर ढोबळच येणार. दुसऱ्या कंपनीकडे दुसरी टक्केवारी येईल. भारतातल्या ८० हून अधिक समूहांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचून ती माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली आहे. हे चित्र आता हळूहळू सुधारेल. काकांचे कोकण त्यात दिसेल की नाही, मला शंका आहे.

इरावतीबाई नुसत्या मापांत अडकून पडणाऱ्या नव्हत्या, म्हणूनच त्या आठवतात. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. नवऱ्याला नावाने हाक मारत. वारीत चालल्या आणि तिथे एकाच विठ्ठलाच्या वाटेवर ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी पडते, हे त्यांना इतके खुपले की त्यांनी ते लिहून ठेवले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज येथे उत्खननाला गेल्या आणि अश्मयुगातले मानवी सांगाडे अभ्यासले. त्या हाडांकडून तेव्हा फक्त मापे मिळू शकली. त्याच डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने राखीगढीला खणलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यातून २०१९ मध्ये डीएनए वाचला गेला. ६० च्या वर नमुने तपासले, त्यांतला एकच बोलला. शेवटच्या वर्षांत त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. टाटांच्या धरणाखाली गेलेली मुळशीची गावे ज्यांना आठवतात, त्यांना त्या पाहणीतला मजकूर नवा वाटणार नाही. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

बर्लिनच्या त्या पत्त्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. इनेश्ट्रासेची इमारत आता तिथल्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. २०१४ मध्ये तिच्याजवळच रस्त्याचे आणि ग्रंथालयाचे काम चालू असताना मातीत मानवी हाडे सापडली. पुढच्या खोदकामात तुकड्यांची संख्या सुमारे १६ हजार झाली. पुरुष, स्त्रिया, मुले. काहींवर गोंदाचे आणि लिहिण्याचे अवशेष होते, म्हणजे कुठल्या तरी संग्रहातली. वसाहतींतून आणलेली असतील, छळछावणीतली असतील, दोन्ही असतील. डीएनए तपासला असता तर पाठभेदांवरून बरेच काही सांगता आले असते. विद्यापीठाने ज्यू, सिंती आणि रोमा समाजांच्या, तसेच आफ्रिकी लोकांच्या प्रतिनिधींशी बोलून तो न तपासण्याचे ठरवले. त्या माणसांची पुन्हा वंशांनुसार वाटणी व्हायला नको होती. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या दफनभूमीत ती सगळी हाडे एकत्र पुरली गेली.